रॉटरडॅमची आवक-जावक

रॉटरडॅमच्या बंदरात माणूस दिसत नाही. जहाजं दिसतात, आणि तीही अशी की सांगलीचं मार्केट यार्ड गाळ्या-गोदामांसकट एकावर चढवलं तरी वर जागा उरावी. धक्क्यावरून चपट्या गाड्या चाळीस फुटी डबा पाठीवर घेऊन येतात, वळतात, एकमेकींना वाट देतात, आपापल्या जागी थांबतात. गाडीला ड्रायव्हर नाही. ड्रायव्हरला बसायला जागाच ठेवलेली नाही. १९९३ पासून इथे अशा गाड्या धावताहेत. त्या काळी आमच्या पेठेत कित्येक दुकानांत दांडीचा काटा होता. पुढे समुद्र बुजवून नवी जमीन केली आणि २०१५ मध्ये तिच्यावर नवे धक्के चालू झाले. तिथे तर क्रेनवरही कुणी चढत नाही. क्रेन हलवणारा दूर कचेरीत पडद्यासमोर बसलेला असतो.

माझी बायको पाटण तालुक्यातली. तिचे वडील मुंबईला मशीद बंदरला माथाडी होते. कठड्याला धरून ती बराच वेळ हा प्रकार बघत राहिली आणि मग भाच्याला म्हणाली, "आरं, पन पोती कोन उचलतं?"

"मामी, पोती नसतातच आता."

"मग हमाल काय करत्यात?"

भाच्याकडे याला उत्तर नव्हतं. तो इथे मालवाहतुकीच्या धंद्यात हिशेबाचं काम करतो आणि मराठी घरापुरती बोलतो. हमाल हा शब्द त्याला ठाऊक आहे, पण हमाल माणूस त्याने पाहिलेला नाही. मी पाहिलेत. माझा सगळा जन्म सांगलीच्या हळदीच्या पेठेत अडत दुकानाच्या वह्या लिहिण्यात गेला. बायकोच्या सातारा जिल्ह्याचं नि बंदराचं नातं तर पाठीचंच आहे. पाटण, जावळीकडच्या माणसांनी मुंबईच्या गोदीतला नि मशीद बंदरातला माल पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर वाहिला. त्यांच्यातले, मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील उभे राहिले, संघटना बांधली, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. त्याच सुमाराला जगात पोत्यांचे दिवस भरत आले होते. रॉटरडॅमला पहिलं कंटेनरचं जहाज लागलं ते मे १९६६ मध्ये, अमेरिकेहून. आपल्याकडे न्हावाशेवा सुरू झालं १९८९ ला. सासरे तेव्हा नुकतेच गावाला परतले होते. त्यांचा लोखंडी आकडा अजून घराच्या आढ्याला अडकवलेला आहे, नारळ सोलायला उपयोगी पडतो.

बंदर म्हणजे एक धक्का नि चार गोदामं, असं चित्र डोक्यात ठेवून आलेल्याची इथे पंचाईत होते. शहरातल्या इरॅस्मस पुलाजवळून निघालं की समुद्रापर्यंत चाळीस किलोमीटरहून जास्त लांब हे बंदरच चालू राहतं. सांगली ते इस्लामपूर एवढी वाट, आणि दोन्ही अंगांनी टाक्या, नळ, क्रेन, कोळशाचे काळे डोंगर, खनिजाचे तांबडे डोंगर. समुद्राकडचा नदीचा भाग खणून काढलेला आहे. १८७२ साली त्यांनी समुद्रापर्यंत हा नवा जलमार्ग केला, म्हणून इथवर जहाजं येतात. १९४० च्या मे महिन्यात जर्मन विमानांनी शहराचा मध्य जाळून सपाट केला होता. तो त्यांनी पुन्हा बांधला, आणि १९६२ पासून २००४ पर्यंत जगातलं सर्वांत मोठं बंदर हेच होतं. आता चिनी बंदरं पुढे गेली आहेत. भाचा हे सांगताना किंचित ओशाळल्यासारखा झाला, जणू काही त्याचंच दुकान मागे पडलं होतं.

मला मात्र जहाजांपेक्षा कागदात रस. दर वर्षी फेब्रुवारीच्या आसपास इथलं बंदर प्राधिकरण मागल्या वर्षाच्या मालाचा तक्ता जाहीर करतं. कोणता जिन्नस किती आला, किती गेला, मागच्या सालापेक्षा किती चढला किंवा उतरला. भाच्याने तो संगणकावर काढून दिला आणि स्वतः कामाला निघून गेला. संध्याकाळी परत येऊन बघतो तर मामा तिथेच. "मामा, बाहेर ट्युलिप फुललेत," असं तो म्हणाला. त्याला काय सांगू? आवक-जावकीचा तक्ता दिसला की माझं जेवण लांबतं.

एकूण मालाचा आकडा असा: २०१९ मध्ये ४६.९४ कोटी टन. २०२० मध्ये करोनाने तो ४३.६८ वर आणला. २०२१ ला पुन्हा ४६.८७. २०२२ ला ४६.७४. मग २०२३ मध्ये ४३.८८ आणि २०२४ मध्ये ४३.५८. वाचणारा म्हणेल, तीन कोटी टन इकडे, तीन कोटी टन तिकडे, यात काय मोठंसं? पण पेठेत वाढलेला माणूस आधी बेरीज वाचत नाही, रकाने वाचतो. २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांच्या बेरजेत फरक जेमतेम तेरा लाख टनांचा. म्हणजे काहीच घडलं नाही. आणि रकान्यांत बघावं तर घर तेच, आतली माणसं निराळी.

२०२१ मध्ये या बंदरातला ६.२ कोटी टन माल, म्हणजे साधारण शेकडा तेरा, रशियाच्या वाटेचा होता. कच्चं तेल, डिझेल, कोळसा, गॅस. नुसतं कच्चं तेल घेतलं तर तीसेक टक्के रशियाचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. ऑगस्टात रशियाचा कोळसा बंद, डिसेंबरात समुद्रमार्गे येणारं कच्चं तेल बंद, पुढल्या फेब्रुवारीत डिझेलही बंद. आमच्याकडे एखाद्या अडत्याचा शेकडा तेरा माल एका हंगामात तुटला तर तो गाळा भाड्याने देतो. यांनी काय केलं? गॅस अमेरिकेतून आणला. द्रवरूप गॅसची आवक एका वर्षात जवळजवळ ६४ टक्क्यांनी वाढली. जो कोळसा सोडायचा म्हणून युरोपभर शपथा चालल्या होत्या, तोही त्या साली वाढला, दुसऱ्या देशांतून आला. पुढल्याच वर्षी पुन्हा उतरला. तेल इराकचं, अमेरिकेचं, नॉर्वेचं. डिझेल तर आणखी मजेशीर वाटेने येऊ लागलं. रशियाचं स्वस्त कच्चं तेल भारताने घ्यायला सुरुवात केली, ते जामनगरकडे शुद्ध झालं, आणि भारताचं डिझेल म्हणून युरोपच्या टाक्यांत उतरलं. भारताची नेदरलँड्सला होणारी निर्यात २०२०-२१ मध्ये साडेसहा अब्ज डॉलरच्या आसपास होती. पुढल्या वर्षी ती साडेबारा अब्जांवर गेली, आणि २०२२-२३ मध्ये एकवीस अब्जांच्या वर. अमेरिका आणि अमिराती यांच्या खालोखाल आपलं तिसरं गिऱ्हाईक म्हणजे हा पावणेदोन कोटी वस्तीचा देश!

पावणेदोन कोटी माणसं एवढं डिझेल पीत नाहीत हे उघड आहे. पुढे जर्मनी, बेल्जियम, स्वित्झर्लंड. माल इथे उतरतो, टाकीत राहतो, मालकी दोनदा-चारदा फिरते, आणि मग नळातून किंवा नदीतल्या बार्जमधून पुढे जातो. ऱ्हाइन नदीवर अशा लांबलचक बार्ज एकीमागे एक चाललेल्या दिसतात. कुणाच्या छपरावर मोटार ठेवलेली, कुणाच्या दोरीवर कपडे वाळत घातलेले. चालवणाऱ्याचं बिऱ्हाडच बार्जवर असतं. बंदरात माणूस दिसला तो एवढाच, आणि तोही कपडे वाळत घालताना.

भाचा मला हे सगळं अपूर्वाईने समजावत होता. मी ऐकत होतो, पण आश्चर्याची जागा बदलत चालली होती. यातलं मला नवं काय होतं?

सांगलीला समुद्र नाही. कृष्णा आहे, ती फुगली की समुद्र होते, पण जहाज काही येत नाही. तरी सांगली शंभर वर्षांहून अधिक काळ एका जिनसाचं बंदर आहे. जिल्ह्यातलं रान उसाने खाल्लं, हळद कमी झाली. तरी पेठेत हळद येतच राहिली: कर्नाटकातून, तेलंगणातून, आता मराठवाड्यातून. आली की उतरते, निवडली जाते, हळकुंड वेगळं, गड्डा वेगळा, कणी वेगळी. पॉलिश होते, दळली जाते, आणि पुढे गुजरात, राजस्थान, दिल्ली, आखात. माझ्या आजोबांच्या वेळी भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरायचा, आता उघड सौदा होतो. सांगलीतल्या एक्स्चेंजवर हळदीचे वायदे चालायचे. ज्याच्या शेतात हळदीचं पान नाही असा माणूस दिवसात शंभर पोती घ्यायचा आणि संध्याकाळच्या आत विकून मोकळा व्हायचा, आणि पोतं हललेलं नसायचं.

पोतं नव्हे, पेवातली हळद. हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते त्या बाजूला, जमिनीखाली पेवं होती. तोंड माणूस उतरेल एवढं अरुंद, पोट मोठं. आत उसाचा पाला अंथरायचा, हळद भरायची, वरून लिंपून टाकायचं. त्या मातीचा गुण असा की वर्षानुवर्षं हळदीला कीड लागायची नाही, रंग उतरायचा नाही. वरून रस्ता जायचा, पोरं खेळायची, आणि खाली लाखोंचा माल निपचित. त्याची मालकी मात्र पेठेत कागदावर फिरत असायची. रॉटरडॅमच्या पांढऱ्या टाक्या मोजताना मी भाच्याला म्हणालो, "ही पेवं आहेत, फक्त जमिनीवर काढलेली." त्याला पेव माहीत नव्हतं. सांगायला अर्धा तास लागला, आणि त्यात टाक्यांची रांग संपली.

पेवं बुडाली ती २००५ च्या पुरात. पाणी शिरलं, हळद कुजली, आणि तिथून पुढे लोक गोदामांकडे नि शीतगृहांकडे वळले. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गोदामंही सुटली नाहीत. म्हणून मला या लोकांचं पाण्याचं दार बघायचं होतं. समुद्राच्या तोंडाशी, जलमार्गाच्या दोन काठांवर दोन पांढरे दरवाजे आहेत, प्रत्येक २१० मीटर लांब. १९९७ मध्ये पुरे झाले. समुद्र नेहमीपेक्षा तीन मीटर चढणार असं हिशेबात आलं की यंत्रच ठरवतं आणि दार लागतं. नोव्हेंबर २००७ च्या वादळात लागलं होतं, आणि २१ डिसेंबर २०२३ ला तर कुणी न सांगता आपलं आपण लागलं. आमच्याकडे अलमट्टीतून किती सोडलं, कोयनेतून किती सोडलं, हे आकडे रात्रभर फोनवर फिरत राहतात आणि व्यापारी वरच्या फळीवर पोती चढवत राहतो. दार बघून बायको म्हणाली, "आपल्याकडं आसलं आसतं तर आधी ते उघडायचं कुणाच्या हातात, यावरनं दोन राज्यं भांडली असती." यावर मी काही बोललो नाही. खरं होतं.

डच लोक आपल्याला परके मुळीच नाहीत, हे एक जाता जाता. सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला यांची वखार होती. मिरी, कापड, घाटावरून उतरणारा माल ते तिथून भरून नेत. साताऱ्याच्या मालाचं बंदर त्या काळापासून पुढे बराच काळ चिपळूण. कुंभार्ली घाटाने बैलांचे तांडे गूळ, हळद, मिरची घेऊन उतरायचे, आणि मीठ, सुकी मासळी, नारळ, खारीक घेऊन चढायचे. १८८० नंतरच्या दशकात पुणे-मिरज रेल्वे झाली आणि माल घाट उतरायचा सोडून मुंबईच्या वाटेला लागला. वाशिष्ठीच्या खाडीत तेव्हा कुणी तक्ता जाहीर केला असता, तर एकेका वर्षात रकाने कसे रिकामे होत गेले ते दिसलं असतं. बंदराला मोडायला बॉम्बच लागतो असं नाही.

शहरात त्यांचा एक मोठा बाजार आहे. २०१४ मध्ये बांधलेली कमान, तिच्या पोटात फळा-भाज्यांची दुकानं, नि कमानीच्या जाडीत माणसांची घरं. छतभर प्रचंड फळं रंगवलेली. वर बघत चाललं की धक्के लागतात, म्हणून आम्ही खाली बघत चाललो, आणि खाली अर्ध्या किलोच्या प्लास्टिकच्या डबीत हिरवी द्राक्षं होती. डबीवर देश लिहिलेला: भारत. शेजारच्या डबीवर दक्षिण आफ्रिका. बायकोने डबी उचलून उलटी केली, देठ बघितले, मणी बघितले. तिच्या धाकट्या बहिणीच्या सासरी कोरेगावला आल्याचं पीक असतं, म्हणून मग ती आल्याच्या टोपलीकडे गेली. टोपलीवर चीन. दुसऱ्या टोपलीवर पेरू. "ह्यांच्याकडं साताऱ्याचं न्हाई?" तिने दुकानदाराला मराठीतच विचारलं. तो सुरिनामचा निघाला, पूर्वज कधीकाळी बिहारकडून गेलेले. त्याला प्रश्न कळला नाही, पण आलं हा विषय कळला, आणि त्याने चिनी आल्याची तारीफ हिंदीसारख्या भाषेत केली. चिनी आलं मोठं, धुतलेलं, बोटाळ, सोललं की कमी वाया जातं. वास मात्र नाही म्हणाली ही. वासाला रकाना कुठे असतो?

स्ट्रॉबेरीपाशी आम्ही थांबलो नाही. ती त्यांची स्वतःची, काचघरातली, आणि महाबळेश्वरची आठवण काढून उगीच तुलना करायचा मोह झाला असता.

द्राक्षाचं मात्र सांगितलं पाहिजे. भारतातून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांत मोठा वाटा नाशिकचा, हे आधीच कबूल. सांगलीची द्राक्षं आखातात जास्त जातात, आणि उरलेल्यांचा बेदाणा होतो. तरी थॉम्पसनमधून निवडून काढलेली तास-ए-गणेश ही जात तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्व्यांची, तेव्हा नाशिकच्या बागेतसुद्धा आमचा हात आहे. भारतातून ताजी द्राक्षं २०१८-१९ मध्ये बाहेर गेली २ लाख ४६ हजार टन. २०१९-२० मध्ये १ लाख ९३ हजार. मग पुन्हा २ लाख ४६ हजार, मग २ लाख ६३ हजार, २ लाख ६८ हजार, आणि २०२३-२४ मध्ये एकदम ३ लाख ४४ हजार टन, ३,४६० कोटी रुपयांची. रॉटरडॅमच्या कोटींपुढे हे हजार म्हणजे काहीच नव्हे. पण हे आकडे वाचताना माझ्यासमोर टन येत नाहीत, महिने येतात.

२०१९-२० ची घट म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ चा पाऊस. फळछाटणी झालेली, घड बाहेर पडत होते, आणि अरबी समुद्रात एकामागून एक वादळं. डाऊनी रोगाने घड गळाले. तासगावकडचे एक बागायतदार आमचे जुने स्नेही, त्यांना सगळे आण्णा म्हणतात. त्या दिवसांत ते दिवसातून दोन-दोन फवारण्या घेत होते आणि रात्री टॉर्च लावून घड मोजत होते. त्यातून जे वाचलं ते मार्चमध्ये टाळेबंदीत सापडलं.

२०२१ चा मार्च. ऐन हंगाम. एव्हर गिव्हन नावाचं जहाज सुवेझच्या कालव्यात आडवं झालं आणि २३ ते २९ मार्च वाट बंद. ते जहाज निघालं होतं रॉटरडॅमलाच. त्या आठवड्यात मिरजेच्या बाजूच्या चहाच्या टपरीवर कालव्याची रुंदी किती यावर वाद चालला होता हे मी स्वतः ऐकलेलं आहे. जहाज सुटलं, पण कोर्टकचेरीत अडकून जुलैच्या शेवटी इथे पोचलं.

२०२३ च्या शेवटापासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, दहा-पंधरा दिवस जास्त, भाडं जास्त. द्राक्ष काही हळद नव्हे, दोन वर्षं पेवात ठेवायला. तरी त्याच साली निर्यात सर्वांत मोठी झाली! एक कारण असं की पेरूमध्ये एल निनोने पीक घटलं होतं आणि युरोपच्या फळ्या रिकाम्या होत्या. पिउराच्या कुणा शेतकऱ्याचे घड गेले म्हणून निफाडच्या माणसाचा भाव टिकला. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. दोघांचा माल उतरतो त्या धक्क्यावर मी उभा होतो.

आणि २०१०. हे साल आण्णांसमोर काढायचं नाही. खरडछाटणीनंतर वेलीची वाढ रोखून घड जास्त यावेत म्हणून क्लोरमेक्वाट, आपले लोक म्हणतात ती सीसीसी, सर्रास वापरली जायची. तिचा अंश तपासणं आपल्याकडच्या यादीत नव्हतं. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. त्या साली माल इथे पोचल्यावर नेदरलँड्समध्ये तपासणीत अंश जास्त निघाला, कंटेनर अडकले, विक्री थांबली. बागेतल्या माणसाने मागल्या एप्रिलात मारलेलं औषध पुढल्या एप्रिलात सात समुद्रांपलीकडच्या प्रयोगशाळेत उगवलं. कित्येकांना त्या सालचे पैसे मिळाले नाहीत, आणि काहींच्या नावावर उलट खर्च निघाला. त्यानंतर यादी वाढली, प्रयोगशाळा वाढल्या. आता निर्यातीच्या प्रत्येक बागेला नंबर आहे आणि डबीवरून बाग शोधता येते. भाच्याने डबीवरचा तो नंबर वाचून दाखवला तेव्हा मला बरं वाटलं, आणि थोडं धसकायलाही झालं.

तर रात्री मी पुन्हा तक्त्यावर बसलो. म्हटलं, २०१० मध्ये, २०२० मध्ये, २०२४ मध्ये या बंदराच्या वहीत आपली द्राक्षं कशी खाली-वर झाली ते बघू. लोहखनिजाचा रकाना होता. कोळशाचा होता. धान्य-पेंडीचा होता. कच्चं तेल, तेलाचे पदार्थ, गॅस, सगळ्यांचे होते. द्राक्षांचा नव्हता. फळांचाच नव्हता.

"मामा, ती कंटेनरमध्ये येतात," भाचा म्हणाला. "मग कंटेनरच मोजतात. किती डबे आणि एकूण वजन किती."

"आत काय आहे ते?"

"ते कस्टमला माहीत. बंदराला काय करायचंय?"

२०२१ मध्ये वीस फुटी मापाने दीड कोटींच्या वर डबे हलले, तो त्यांचा उच्चांक. २०२३ मध्ये एक कोटी चौतीस लाखांवर आले. त्यात चिनी मोबाईल, जर्मन औषधं, व्हिएतनामची बुटं, आणि आण्णांची एक वर्षाची झोप. बेरीज एकच. सांगलीच्या बाजार समितीत पोतं आलं की पोत्याची नोंद होते, शेतकऱ्याचं नाव लागतं, गाव लागतं. म्हणून आमचा बाजार मागासलेला आणि यांचा पुढारलेला, असं म्हणायचं असेल तर म्हणावं. मी वह्या लिहिणारा, मला डब्याच्या आत बघायची खोड आहे. निजामाबादहून आलेल्या हळदीची, पॉलिश झाल्यावर, गावाची ओळख आमच्याही वहीत मिटतेच म्हणा. ती 'सांगलीची हळद' होऊन पुढे जाते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेठेत पेढे वाटले, आणि २०२५ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाचं मुख्यालय निजामाबादला गेलं तेव्हा तीच पेठ रुसली. निजामाबादवाले गेली कित्येक वर्षं असेच रुसले असतील, हे इथे येईपर्यंत कधी मनात आलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी आण्णांचा फोन आला. तिकडे संध्याकाळ झालेली, पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज.

"दिवाणजी, तिथं आपला माल दिसला का?"

"दिसला."

"देठ हिरवा हाय का काळा पडलाय?"

"हिरवा."

"भाव?"

मी डबीचा भाव सांगितला, युरोचे रुपये करून, किलोवर आणून. पलीकडे जरा वेळ नुसता ट्रॅक्टर ऐकू आला. मग त्यांनी जागेवरचा आपला भाव सांगितला, मजुरी सांगितली, औषधांचं बिल सांगितलं, पॅकहाऊसवाल्याने बाजूला काढलेला माल सांगितला. मधल्या आकड्यात जहाज, शीतगृह, तपासणी, आयातदार, दुकान, सगळे बसले होते, आणि त्यातलं कुणी चोर नव्हतं. हा हिशेब मी त्यांना समजावायला लागलो, तर ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. चार किलोला एक किलो बेदाणा पडतो. जुनोनीला रॅक भाड्यानं मिळतोय. आवंदा यार्डात बेदाण्याचा सौदा काय निघाला, तेवढं घरी फोन करून विचारा. तुमच्या पोराचा गाळा समोरच हाय."

मी लगेच पोराला फोन लावला.